ठकूमायचा गार विळा

"विळा खाली ठेव, डोमा!"

"तू कोण मला सांगणारी? ढोरांची वैदीण!"

"ढोरांचीच! पण एका वासराला डाग दिला नाही मी आजवर, अन् तू चाललास लेकराला भाजायला!"

फार वर्षं झाली याला. बोरदऱ्याला तेव्हा रस्तासुद्धा नव्हता. पण हे भांडण झालं, भरदुपारी, साऱ्या गावादेखत झालं. नामाजीची सहा वर्षांची रंगू गुडघे पोटाशी घेऊन तळमळत होती. बेंबीपाशी उठलेली कळ उजव्या कुशीत उतरली होती, ओकाऱ्या थांबत नव्हत्या. पोटदुखीवर गावाला एकच इलाज ठाऊक होता, डोमा भगताचा तापलेला विळा. पोटावर चार डाग. पोर जगलं तर भगताची पुण्याई, मेलं तर देवीची मर्जी.

ठकूमाय गवत कापून विकायची. अक्षरओळख नाही, गुरू नाही. जे शिकली ते वासरांचं शेण चिवडून. तिनं रंगूचं पोट चाचपलं. अजून मऊ होतं.

"झोपेत दात खाते का गं ही? माती खाते?"

आईनं रडतच मान डोलावली.

"मग जंतांचा गुंता झालाय. पळसाचं बी उगाळून देते. पण नामाजी, आधी गाडी जुंप. मी काही देव नाही. पोट फळीसारखं ताठ झालं, तर ठकी चुकली म्हणायचं अन् तालुक्याचा दवाखाना गाठायचा."

"ऐका, हिची हिलाच खात्री नाही!" डोमा हसला आणि लाल विळा घेऊन पुढे आला.

असं म्हणतात, ठकूमायनं तो विळा पात्याकडूनच मुठीत धरला. कातडी करपली, मूठ सुटली नाही. दुसऱ्या हातानं तिनं उगाळलेलं पळसाचं बी रंगूला पाजलं. दिवस कलला, बैल जुंपलेलेच राहिले, आणि असं म्हणतात, तिच्या मुठीत विळा इतका गार पडला की पात्यावर दव धरलं. दिवेलागणीला रंगूच्या पोटातून जंतांचा गुंता पडला. कुणी म्हणतं ओंजळभर, कुणी म्हणतं टोपलीभर. पोरगी उठली ती भाकरी मागतच.

आजही बोरदऱ्यात लेकराचं पोट दुखलं की आधी दाराशी जीप उभी करतात, मग नर्सबाईला हाक मारतात. जंताच्या गोळ्या वाटायच्या त्या ठकूमायच्या ओट्यावरच, आणि नखं कापल्याशिवाय गोळी नाही, मग पोर सरपंचाचं का असेना. आणि आजारी लेकराच्या घरात शिरताना बायामाणसं विळा बाहेर गवतात ठेवतात. ठेवताना तेच बोलतात, जे त्या सांजेला ठकूमाय बोलली होती. डोमा तेव्हाही हात पसरून म्हणत होता, "जंत पडले ते माझ्या मंत्रानं. दे माझा विळा." तिनं करपलेली मूठ उघडली, विळा गवताच्या भाऱ्यावर टाकला आणि म्हणाली,

"विळा गवतासाठी असतो, डोमा. लेकरू म्हणजे गवत नव्हे."