उठण्याचे घर

ही कथा ज्या गावाची, त्याचे नाव सांगणाऱ्याला आज खात्रीने आठवत नाही. ते शूर्पारकाच्या उत्तरेला होते असे एकदा वाटते, आणि मग दक्षिणेला होते असेही वाटते. पण तिथे खाडी होती, खाडीला बांध होता आणि बांधात पाणी सोडण्या-अडवण्याची उघाडी होती एवढे पक्के, कारण त्यांच्यावाचून ही कथा घडलीच नसती.

शास्ता जेतवनात राहत असताना एका भिक्षूकडे आजारी स्थविरांना पाणी देण्याचे काम होते. तो सोबत्याबरोबर खड्यांचा खेळ मांडून बसला आणि स्थविर दुपारभर तहानलेले राहिले. भिक्षूंनी त्याला शास्त्यापुढे उभे केले. तेव्हा शास्ता म्हणाला, "भिक्षूंनो, खेळात बसून पाणी विसरण्याची याची ही पहिली वेळ नव्हे." आणि त्याने मागच्या जन्मीची गोष्ट सांगितली.

पूर्वी अपरान्त देशात एक राजा धर्माने राज्य करीत असताना बोधिसत्त्व शूर्पारक नगरात एका कातारी कुळात जन्मला होता. त्याचे नाव भद्रिल. लाकूड दोरीने गरगर फिरवायचे, त्यावर लाखेची कांडी टेकवायची, लाख वितळून चढली की केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणायची, ही त्याची विद्या. पावसाळ्यात गलबते बंदरात अडकून पडत आणि खलाशी कंटाळून जात. त्यांच्यासाठी त्याने एक खेळ रचला आणि त्याला फेरपट असे नाव दिले.

पटावर घरांचे एक वर्तुळ होते. कवड्या टाकायच्या आणि सोंगटी पुढे न्यायची. एक फेरा पुरा झाला की सोंगटीच्या गळ्यात लाखेचे एक कडे चढे. सातवे कडे लाल. फेऱ्यांना शेवट नव्हता. सुरुवातीला लोक डाव अर्ध्यावर टाकून जेवायला जात. आपल्या हातचा खेळ असा पडून राहतो हे बोधिसत्त्वाच्या मनाला लागे. म्हणून त्याने आणखी एक नियम घातला : जो आधी उठेल, त्याची सगळी कडी समोरच्याची. नियम लहान होता आणि घालताना त्याने फारसा विचार केला नव्हता. त्यानंतर मात्र कोणी उठेनासे झाले.

रोहक नावाच्या श्रेष्ठीने हे पाहिले आणि दोन वर्षे पुरेल इतके पटांचे काम बोधिसत्त्वाला सांगितले.

त्यातला तिसरा पट कातून होत होता, तेव्हा एक बाई दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. तिच्या पायांना घोट्यापर्यंत खाडीचा चिखल होता.

"हा फेरपट तुम्ही केलात?"

"मीच केला, बाई."

"मग आमच्या ह्यांना त्यातून उठवायचं कसं, तेही तुम्हीच सांगा."

तिचे नाव उपला. तिचा नवरा नागिल गावाचा उघाडीवाला होता. बांधाच्या आत भाताची खाचरे आणि बाहेर समुद्र, अशी त्या गावाची जमीन. ओहोटीला उघाडीची फळी वर ओढायची म्हणजे खाचरांतले जादा पाणी वाहून जाते. भरती यायच्या आत फळी खाली टाकायची म्हणजे खारे पाणी आत येत नाही. हे काम नागिलच्या घरात सात पिढ्या होते.

काम अवघड नव्हते, पण त्यात वाट पाहणे फार होते. आणि अलीकडे नागिल वाट पाहताना आपल्या साडूबरोबर फेरपट खेळू लागला होता. दोनदा फळी टाकायला उशीर झाला, तेव्हा पंचांनी त्याला वेळ नेमून दिली : दुपारच्या जेवणापासून सावली उंबऱ्याला लागेपर्यंत खेळावे, एरवी पटाला हात लावू नये. नागिलने ते मानले आणि अक्षरशः पाळले.

पण पंच शेतकरी होते आणि त्यांचा दिवस सूर्याबरोबर चाले. उघाडीवाल्याचा दिवस चंद्राबरोबर चालतो. भरती रोज दोन घटका उशिरा येते. सरकत सरकत ती नेमकी खेळाच्या वेळेत आली. नागिलला भरती कळत होती. पण वेळ पंचांनीच दिली आहे, या विचाराने त्याचे मन निर्धास्त झाले होते. एवढा हात टाकतो आणि उठतो, असे तो मनाशी म्हणत राहिला. तो धावला तोवर पाण्याला असा जोर आला होता की फळी खाली बसेना. खालच्या खाचरांतले पोटरीला आलेले भात दोन दिवसांत पिवळे पडले.

"पौर्णिमेला पंच बसणार आहेत," उपला म्हणाली. "उघाडी काढून घेतली तर आम्ही खायचं काय? उघाडीवाल्याला शेत नसतं, दादा. दर खळ्यावरून एक सूप भात, तेवढंच आमचं."

बोधिसत्त्वाने दोरी खाली ठेवली आणि तो तिच्याबरोबर निघाला.

नागिल ओटीवर बसला होता. माणूस सरळ होता. पाहुणा पाहताच त्याने उठून पाय धुवायला पाणी दिले. त्याचा साडू तिसक शिंपले भाजून चुना करीत असे. तोही तिथेच होता.

"म्हणजे हे संकट तुम्ही कातलंत तर!" तिसक हसून म्हणाला. "बसा की मग. पटाच्या बापाला हरवल्याचं पुण्य तरी मिळू दे."

हा माणूस का उठू शकत नाही ते समजून घ्यावे, म्हणून बोधिसत्त्व नागिलसमोर बसला. पहिले कडे चढले तेव्हा त्याचे लक्ष नागिलच्या चेहऱ्याकडे होते. तिसरे चढले तेव्हा ते कवड्यांकडे होते. सहाव्या कड्यानंतर त्याला फक्त लाल कडे दिसत होते. तिसक काहीतरी बोलत होता, कोणी पाणी आणून ठेवले होते, आणि गावाच्या मुख्याला, ग्रामणींना, तिसऱ्या प्रहरी भेटायला येतो असा बोधिसत्त्वाने निरोप धाडला होता. त्यातले काहीच त्याच्या मनात उरले नाही.

"कातारीदादा," मागून उपलेचा आवाज आला, "तुम्ही ह्यांना उठवायला आला होतात ना?"

बोधिसत्त्वाने वर पाहिले. सावली उंबरा ओलांडून आत आली होती. तो उठू लागला, आणि त्याच क्षणी सहा कडी आता नागिलची होणार हे त्याला टोचले. ज्याने ती कडी स्वतः कातली, ज्याच्या घरी अशी शेकडो पडली होती, त्यालाच ते टोचले. तेव्हा त्याला कळले की या पटात आत जायला वाट ठेवली आहे, बाहेर यायला ठेवलेली नाही. आणि ही चूक नागिलची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पिशवीतून काळी लाख काढली आणि नागिलच्या पटावरची चार घरे काळी केली.

"ही उठण्याची घरं," तो म्हणाला. "सोंगटी इथं आली की दोघांनीही उठायचं. कडी ज्याची त्याच्याकडे राहतील. आपापल्या कामाला हात लावून यायचं आणि हात दाखवायचा. नागिलचा हात उघाडीच्या पाण्यानं ओला हवा, तिसकाचा चुन्यानं पांढरा. हात दिसल्याशिवाय पुढची कवडी नाही."

"आणि तुमचा?" तिसकाने विचारले.

"माझा लाखेनं काळा झालेलाच आहे."

पौर्णिमेला पंच बसले. ग्रामणी म्हणाला, "पट जाळून टाका आणि उघाडी दुसऱ्याला द्या. संपलं."

"पट जाळला तर तो अंगणात रेघा ओढून खेळेल," बोधिसत्त्व म्हणाला. "दोष अर्धा माझा आहे. मला पंधरा दिवस द्या. पंधरा दिवसांत भरती दिवसाच्या सगळ्या घटकांतून फिरून येते. तेवढे दिवस उघाडी नागिलकडे राहू द्या, आणि पटही राहू द्या."

"कुंपणानंच शेत खाल्लं, आणि तुम्ही म्हणता कुंपण तेच ठेवा!"

"एकदाही फळी चुकली तर वरच्या खाचरांचं भात मी भरून देईन. मग मलाही गावात उभं करू नका."

पंचांनी एकमेकांकडे पाहिले. वरची खाचरे अजून हिरवी होती. तीही गेली तर गावाला वर्षभर खायला नव्हते. तरी अखेर त्यांनी पंधरा दिवस दिले.

बोधिसत्त्व समोरच्या घरच्या ओटीवर राहिला. पहिल्या दिवशी तिसक वाटेतल्याच भिंतीला हात पुसून परत आला.

"भावोजी, हा चुना वाळलेला आहे," उपला म्हणाली. "भट्टीपर्यंत जा. पाय झिजत नाहीत."

"बायकोची बहीण की कोतवाल!" असे म्हणत तिसक गेला, आणि भट्टी विझत आलेली पाहून दुपारभर तिकडेच राहिला.

चौथ्या दिवशी रोहक श्रेष्ठी गलबतातून उतरला. त्याने काळी घरे पाहिली. "खेळणाऱ्याला मधेच उठवणारा खेळ कोण घेईल, भद्रिला?"

"थोडे लोक घेतील."

"मग?"

"तेवढेच करीन. जुने आता करणार नाही."

"तू नाही केलेस तर दुसरा कातारी करील."

"करील," बोधिसत्त्व म्हणाला. श्रेष्ठी गेल्यावर बराच वेळ त्याचे मन खिन्न राहिले. पुढे श्रेष्ठीने खरोखरच दुसऱ्याकडून पट करून घेतले. त्या वर्षी बोधिसत्त्वाने लाटणी कातली आणि पाळण्यावरचे खुळखुळे कातले.

दिवस जात होते. सोंगटी काळ्या घरात येई, नागिल उठे, उघाडीशी जाई, ओला हात घेऊन येई. कधी दिवसातून आठ वेळा, कधी दहा वेळा. पण बोधिसत्त्वाच्या मनात एक भीती होती, आणि ती त्याने कोणाला सांगितली नव्हती. कवड्यांना भरती कळत नाही. सोंगटी काळ्या घरात यायच्या आधीच पाणी आले तर?

अकराव्या दिवशी नेमके तसेच झाले. भरती दुपारी यायची होती. नागिलच्या सोंगटीवर नऊ कडी होती, आजवर कधी नव्हती इतकी. काळे घर चार घरे पुढे होते, आणि कवड्या एक एक असेच दान देत होत्या. खाडीकडून वारा फिरला. ओल्या चिखलाचा वास आला. बोधिसत्त्वाला तो कळला, नागिललाही कळला असावा. त्याने एकदा मान वर केली.

"कुठं बघता, साडूभाऊ?" तिसक म्हणाला. "उठलात तर नऊची नऊ माझी. नियम तुमच्या पाहुण्यांचाच आहे."

नागिलने कवड्या हातात घेतल्या. बोधिसत्त्वाने मनाशी ठरवले की आता आपणच जाऊन फळी टाकावी. माझे वचन खोटे पडले तरी चालेल, भात मरता कामा नये. तो पायरीवर पाय ठेवणार, इतक्यात नागिल उभा राहिला. कवड्या अजून त्याच्या मुठीत होत्या. आपण उभे राहिलो आहोत याचे जणू त्यालाच नवल वाटले. दहा दिवस जे पाय पुन्हा पुन्हा त्या वाटेने गेले होते, ते मनाची वाट न पाहता निघाले होते.

"अहो, हरलात की!" तिसक ओरडला.

"हरलो," नागिल म्हणाला. त्याने कवड्या पटावर ठेवल्या. "कडी घ्या. फळी टाकून येतो."

तो धावला नाही. चालत गेला, आणि पाणी लागायच्या आत फळी खाली बसली. तिसक थोडा वेळ नऊ कड्यांकडे पाहत राहिला, मग पुटपुटत आपल्या भट्टीकडे गेला. उरलेले चार दिवसही तसेच गेले. वरच्या खाचरांचे भात पिकले आणि उघाडी नागिलकडेच राहिली. खाली मेलेली खाचरे तीन पावसाळे धुतल्यावर चौथ्या वर्षी हिरवी झाली. तोवर दर वर्षी बोधिसत्त्वाने आपल्या कमाईतून त्यांच्या धन्यांना भात दिले. वचनात तेवढे आले नव्हते, तरीही दिले.

ही गोष्ट सांगून शास्ता म्हणाला, "भिक्षूंनो, तेव्हाचा नागिल म्हणजे आज स्थविरांचे पाणी विसरलेला हा भिक्षू. तिसक म्हणजे त्याच्यासमोर खडे मांडून बसलेला त्याचा सोबती. ग्रामणी म्हणजे ते तहानलेले स्थविर. आणि भद्रिल कातारी तो मीच. खेळ पाप नाही. पण खेळातून उठून पुन्हा पुन्हा आपल्या कामाकडे जाणे, इतके की पायांनाच ती सवय व्हावी, याला अप्रमाद म्हणतात." ते ऐकून तो भिक्षू उठला आणि घडा घेऊन विहिरीकडे गेला.

"आणि उपला, भन्ते?" एका भिक्षूने विचारले.

"विहाराच्या दाराशी रोज न सांगता पाणी भरून ठेवते ती उपासिका," शास्ता म्हणाला.

उपलेबद्दलची एक गोष्ट मात्र बोधिसत्त्वाला तेव्हा ठाऊक नव्हती. त्या अकराव्या दिवशी बांधाच्या ओल्या मातीत नागिलच्या पावलांखेरीज दुसरी, लहान पावले त्याने पाहिली होती, पण काही विचारले नव्हते. सोळा वर्षांनी तो नागिलच्या मुलीच्या लग्नाला गेला, तेव्हा त्याने उपलेला एका बाजूला घेऊन विचारले आणि तिने ती पावले आपलीच असल्याचे सांगितले. त्या पंधरा दिवसांतल्या प्रत्येक भरतीला ती फळीचा दोर हाती धरून बांधाआड उभी असे, आणि नवरा येताना दिसला की दोर होता तसा ठेवून मागच्या वाटेने घरी जाई.