घरी शिवलेली सीट

खूप वर्षांमागं, एका सकाळी घाटात दाट धुकं उतरलं होतं. केरबानाना आणि शेजारचे दौलतराव आपापल्या मोटारसायकलींवर निघाले होते. दौलतरावांच्या लेकीचा साखरपुडा होता.

दौलतरावांची नवी गाडी कंपनीतूनच नटून आलेली, एकट्याच्या सीटची. ती नानांच्या जुन्या गाडीला म्हणाली, “अगं, ही एवढी लांब सीट आहे की गादी?”

“नानांनी घरी शिवलीय बाई. म्हणतात, वाटेत कुणी ना कुणी भेटतंच.”

अर्ध्या घाटात नवी बंद पडली. “मला दुरुस्त करायला कंपनीचाच माणूस लागतो गं! मुहूर्त चुकणार आता.”

“रडू नकोस. तुझ्या धन्याला मी पोचवते.”

जुनी दोघांना घेऊन घाट चढली, अन् मुहूर्ताआधी हॉर्न वाजवत थेट मांडवापाशी थांबली.

दौलतराव उतरत म्हणाले, “नाना, माझ्या गाडीलाही अश्शीच सीट शिवून द्या.”