सातदऱ्याची हातधरणी

सातदऱ्याच्या तलावाचा बांध चढण्याआधी पायथ्याशी एक मोकळा माळ लागतो. त्यावर देऊळ नाही, पार नाही, आणि गवतही धरत नाही, कारण तिथं बारमाही पावलं फिरत असतात. हल्ली कारखान्यांतली, हापिसांतली माणसं बस भरभरून येतात आणि उतरली की आपापली टोळकी करून उभी राहतात. हिशेबवाले हिशेबवाल्यांना चिकटून, साहेब साहेबांच्या सावलीत. गावचे गणूआप्पा त्यांना हाकून माळावर आणतात. हलगी वाजू लागली की सगळ्यांनी एकमेकांत मिसळून चालायचं. थांबली की टोळीबाहेरच्या, जवळ सापडेल त्या माणसाचा हात धरायचा आणि विचारायचं: नाव काय, गाव कोणतं, आणि तू हरवलास तर शोधायला कोण येईल? मग आपलं नव्हे, हात धरलेल्याचं नाव मोठ्यानं सांगायचं. याला हातधरणी म्हणतात. पाहुणे खिदळतात. आप्पा खिदळू देतात, मग खाली बसवून पुढची हकिगत सांगतात.

फार वर्षांपूर्वी हा बांध घालायला दहा दिशांची माणसं आली होती, असं सांगतात. दगड फोडणाऱ्यांची एक टोळी, माती वाहणाऱ्यांची दुसरी, चुना मळणाऱ्यांची तिसरी. प्रत्येकीची चूल वेगळी, पाण्याचा रांजण वेगळा. शेजारी बसून भाकरी खातील, पण "तू कुठला रे?" म्हणून विचारणार नाहीत. विचारलं तर जीभ झिजली असती जणू.

या सगळ्यांवर हैबती मुकादम होता. कामाला वाघ, आणि तोंडानं त्याहून वाघ. एवढी नावं कोण पाठ करणार, म्हणून तो माणसाला त्याच्या हत्यारानं हाक मारी. "ए पहार, इकडं ये." "ए घमेलं, पाय उचल." दिवस मावळला की हत्यारं खोपीत आपापल्या जागी लागायची. जागा रिकामी दिसली तर माणूस कमी, भरली तर सगळे आले. मोजणीची ही युक्ती आपली आपण शोधली म्हणून हैबतीला तिचा भारी अभिमान होता, म्हणे.

एका दुपारी बांधाची कड खचली. मातीचा लोट बांधाखालून पाणी जाण्यासाठी बांधलेल्या दगडी मोरीच्या तोंडावर आला आणि माणसं ओरडत खाली पळाली. धूळ बसल्यावर हैबतीनं हत्यारं लावायला सांगितली. एकही जागा रिकामी राहिली नाही. त्यानं नारळ फोडला, आईचा उदो केला आणि दुसऱ्या दिवशी खचलेली जागा भरायला घेतली. दोन दिवस माती पडत होती आणि ती ठोकून बसवायला वरून धुम्मस आदळत होते.

तिसऱ्या दिवशी एक बाई डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन माळावर आली. तिचं नाव सखवार.

"माझा धनी बाजाराच्या दिशी घरी आला न्हाई," ती म्हणाली. "बाजार कधी चुकवत न्हाई त्यो. येसबा नाव."

"पहार की घमेलं?" हैबतीनं विचारलं.

"माणूस हाय त्यो," ती म्हणाली.

ती दगडवाल्यांकडं गेली. ते म्हणाले, आमच्यातला नाही, मातीवाल्यांचा असेल. मातीवाले म्हणाले, चुनेवाल्यांचा असेल. चुनेवाल्यांनी दगडवाल्यांकडं बोट केलं. येसबा कुठल्याच टोळीचा नव्हता. एकटाच आला होता आणि ज्याला हात कमी पडेल त्याच्याबरोबर राबत होता. सगळ्यांनी त्याला पाहिलं होतं आणि ओळखत मात्र कुणीच नव्हतं. हैबती तोऱ्यात तिच्यामागं चालत होता. हत्यारं पुरी भरली होती, मग माणूस कमी कसा असेल?

"कानात भिकबाळी, आन् डावा पाय जरा वढत चालायचा," सखवार प्रत्येकाला सांगत होती.

हे ऐकलं आणि माती वाहणाऱ्या धुरपाच्या डोक्यावरलं घमेलं खाली पडलं.

"त्यानं मला मोरीतून बाहीर वढलं," ती म्हणाली. "पहार माझ्या हातात दिली. म्हनला, धर, आत आनी कोन ऱ्हायलंय का बघून येतो. पहार म्याच खोपीत लावली, मुकादम. तुमी म्हनला समदे आले. मला वाटलं, दुसऱ्या तोंडानं निघाला आसंल."

हैबतीला उमगलं. आत कुणीच राहिलं नव्हतं. जो बघायला गेला होता, तेवढाच आत होता. आणि त्याच्या डोक्यावर दोन दिवस माती लोटली होती ती हैबतीच्या हुकमानं. तो किंचाळला, "खणा!" आणि स्वतः बोटांनी माती उकरू लागला. टोळ्या विसरून सगळे तुटून पडले.

मोरी उघडली. दगडी कमानीखाली येसबा बसलेला होता. अंगावर ओरखडा नव्हता, पण श्वास नव्हता. सखवारनं त्याचा हात हातात घेतला आणि मान वर करून हैबतीकडं पाहिलं.

"ऊन हाय अजून," ती म्हणाली.

हैबतीनं हात लावून पाहिला. हात खरंच उबदार होता. म्हणजे सकाळपर्यंत, कदाचित आता घटकाभरापूर्वीपर्यंत तो जिवंत होता. मोजणीच्या वेळी एकानं जरी त्याचं नाव घेतलं असतं, तर तो जिवंत बाहेर निघाला असता.

येसबाला माती दिल्यावर हैबतीनं सगळ्यांना माळावर बोलावलं आणि शपथ घातली. उद्यापासून हत्याराला हात लावण्याआधी हलगी वाजेल, ती थांबली की माणसाचा हात धरायचा. रोज नवा, रोज दुसऱ्या टोळीतला. ज्याचं नाव कुणी घेतलं नाही असा एक जरी उरला, तर काम सुरू व्हायचं नाही.

पहिल्या सकाळी हलगी थांबली. दगडवाल्यांनी मातीवाल्यांचे हात धरले, चुनेवाल्यांनी दगडवाल्यांचे. एकच माणूस उरला, तो हैबती. त्याच्याजवळ जायला कुणी तयार नव्हतं. तो मान खाली घालून उभा होता, आणि त्याचीच शपथ काम अडवून बसली होती.

तेव्हा कडेला उभी असलेली सखवार पुढं आली आणि तिनं त्याचा हात धरला.

"नाव काय?"

"हैबती."

"गाव?"

त्यानं गाव सांगितलं.

"तुमी हरवला तर हुडकाया कोन येईल?"

हैबतीनं आठवून पाहिलं. आयुष्यभर माणसांवर ओरडण्यात गेलेलं, मागं कुणी नव्हतं. त्यानं नकारार्थी मान हलवली.

"कुनीच न्हाई?" सखवार म्हणाली. "मग म्या येईन. कसं हुडकायचं त्ये मला आता ठावं झालंय."

आणि वळून तिनं त्याचं नाव साऱ्या माळाला ओरडून सांगितलं.

आजही गणूआप्पा हे सांगून झालं की पुन्हा हलगी वाजवायला लावतात आणि स्वतः माळाच्या मधोमध हात पुढं करून उभे राहतात. पाहुण्यांपैकी कुणीतरी येऊन तो हात धरेपर्यंत बसचं दार उघडत नाही. कधीकधी फार वेळ लागतो. आता कुणीच खिदळत नसतं.