जुळणारं रबर

"…पण सर, पहिलं रबर कुणी केलं? मी की तिनं?"

सोहोनीसर सिंकपाशी बीकर घासत होते. निवृत्त होऊन इतकी वर्षं लोटली, तरी प्रयोगशाळेतलं आपलं भांडं ते आपणच घासायचे.

"तू," सर म्हणाले.

"मग नोकरी तिला कशी?"

सरांनी बीकर उपडं घातलं आणि दुसरं घेतलं.

ती म्हणजे नाझनीन मुकादम, चिपळूणची. हा सत्यजित नाईकनवरे, फलटणचा. पीएच.डी.ला दोघं एकाच टेबलावर लागले होते. तिच्या डब्यातली तांदळाची भाकरी हा खायचा आणि याचा ठेचा खाऊन ती डोळे पुसायची. दोघांचं काम एकच, कापलं तरी पुन्हा जुळणारं रबर. पट्टी पात्यानं कापायची, दोन तुकडे एकमेकांवर दाबून धरायचे, की थोड्या वेळात ते एकजीव होतात आणि ओढले तरी तुटत नाहीत.

पहिला घाणा सत्यजितनं काढला हे खरंच. तो लिबलिबीत झाला, ओढला की ओघळायचा, हेही खरंच. नाझनीननं त्यात डोकं घातलं, पार रडकुंडीला आली, पण रबर धडाचं केलं. मग संस्थेत शास्त्रज्ञाची एक जागा निघाली. एकच. मुलाखतीला दोघं गेले आणि निवड तिची झाली.

झालं. तेव्हापासून याच्या पोटात जे दुखू लागलं ते थांबेना. ती पेढे घेऊन आली तर म्हणाला, आज माझा उपवास आहे. दुपारी कँटीनमध्ये तिनंच त्याला समोसा खाताना पाहिलं. काही बोलली नाही बिचारी. ती बोलली नाही, याचाही त्याला राग आला.

"सर, मी निवड समितीकडे तक्रार करतोय," सत्यजित म्हणाला. "तिनं माझं काम आपलं म्हणून दाखवलं, अशी. मोबाइलवर लिहून तयार आहे. साक्षीला फक्त तुमचं नाव हवं. तुमचा शब्द कुणी खाली पडू देणार नाही."

"तिची नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"…बरं," सर म्हणाले. "घाल माझं नाव."

सत्यजित बघतच राहिला. एवढ्या सहज होईल असं त्याला वाटलं नव्हतं.

सरांनी हात पुसले. ताटलीतली रबराची एक पट्टी उचलली, पात्यानं मधोमध कापली आणि एकेक तुकडा त्याच्या एकेका हातात दिला.

"आधी एवढं जोडून दे. मग खुशाल घाल नाव."

हे तर पहिल्या वर्षाचं पोरही करेल. सत्यजितला हसू आलं. दाबून धरायचं, बस.

पण मनात साठलेलं ऐकून घेणारं माणूस आता कुठे भेटलं होतं.

"तुम्हाला म्हणून सांगतो, सर, ती दिसते तशी साधी नाही. मुलाखतीत म्हणे 'आम्ही' म्हणत होती. आम्ही हे केलं, आम्ही ते केलं. मोठेपणा बघा. माझं नाव घ्यायला काय झालं होतं?"

"हं."

"आणि संचालक तिच्याशी कसे हसून बोलतात. माझ्याशी बोलताना घड्याळ बघतात."

"हं."

"माझ्या आईनं सुद्धा परवा फोनवर विचारलं, नाझनीनला मिळाली का रे नोकरी? तिचं आधी विचारलं, सर. माझं नंतर."

इथे त्याचा आवाज जरा चिरकला. सरांनी मान हलवली.

दार उघडलं. नाझनीनच होती, हातात डबा.

"सर, जेवायला येताय ना? सत्या, तू पण चल. आज सुकट आणलीय."

सत्यजितनं मान वर केली नाही.

"तू हो पुढे," सर म्हणाले.

ती निघाली आणि थबकली. तिची नजर त्याच्या हातांकडे गेली होती.

"अरे, ते तुकडे असे वेगळे काय धरलेस? दाब ना लगेच. नंतर नाही जुळायचे."

"मला कळतं," सत्यजित म्हणाला. "शिकवू नकोस."

ती क्षणभर उभी राहिली. मग दार हळूच लोटून गेली.

आता तर त्यानं मुद्दामच दाबले नाहीत. हिनं सांगायचं आणि मी ऐकायचं? उद्या ही साहेबीण होणार, तेव्हा आहेच. एक तुकडा या मुठीत, दुसरा त्या मुठीत. नोकरी, मुलाखत, तिची ती नवी पर्स, वर्तमानपत्रातला फोटो, सगळं त्यानं सरांपुढे ओतलं. जेवायला गेलेली माणसं परत आली. कॉरिडॉरमध्ये पुन्हा वर्दळ सुरू झाली. सरांची सगळी भांडी घासून झाली, तरी याचं संपेना.

शेवटी घसा कोरडा पडला, तेव्हा तो थांबला.

"जोडतोस ना?" सर म्हणाले.

सत्यजितनं तुकडे एकमेकांवर टेकवले. दाबले. चांगले जोर लावून, दात आवळून दाबून धरले. मग ओढून पाहिले.

पट्टी अलगद सुटली.

पुन्हा दाबली. पुन्हा सुटली.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"वेळ गेला, सर." कितीही झालं तरी विषय त्याचा होता, उत्तर आपोआप तोंडून आलं. "ताज्या कापलेल्या बाजूवरचे बंध मोकळे असतात, ते समोरच्याला धरायला बघतात. समोर कुणी आलंच नाही, तर ते आपले आपल्यातच गुंततात. मग बाजू बंद होते. समोर कुणीही आणा, ती… धरत नाही."



बाहेरून काही जण हसत गेले. त्यातलं एक हसणं नाझनीनचं होतं, ते त्याला इतक्या वर्षांच्या सवयीनं ओळखू आलं.

बराच वेळ तो हातातल्या तुकड्यांकडे बघत राहिला. खिशातला मोबाइल त्यानं काढला नाही.

"तिला काय वाटलं असेल हो, सर?"

सरांनी ताटली त्याच्यापुढे सरकवली.

"आता नाहीच का जुळायचं?"

सरांनी पातं उचललं. धार आपल्याकडे आणि मूठ त्याच्याकडे करून पुढे धरलं.

"ती बंद झालेली बाजू कापून टाकायची," ते म्हणाले. "आत ताजं असतं."

सत्यजितनं पातं घेतलं. तुकड्याच्या कडेवर ठेवलं.

"किती कापू, सर?"

"दुखेल इतकं."