फळीवरची बातमी

ज्या काळी फळीवर वर्तमानपत्र अंथरून त्यावर डबे मांडत, त्या काळची गोष्ट. वेणूताईंचा संकष्टीचा उपास होता. चंद्राच्या नैवेद्याला खीर हवी, म्हणून दूध तापत ठेवून त्या दूर्वा खुडायला गेल्या.

डाळीच्या डब्याने पायाखालची बातमी वाचली. "माणूस चंद्रावर उतरला म्हणे!"

"इश्श! घसरला कसा नाही?" परात म्हणाली.

"यंत्र असतं त्याला. तुम्हाला काय कळतंय!" सांडशी म्हणाली.

"सांडशीबाई, आधी मला उतरवा, दूध वर आलंय!" पातेलं ओरडलं.

"थांब रे, महत्त्वाचं चाललंय."

दूध उतू गेलं.

वेणूताईंनी तळाशी उरलेल्या दुधाची वाटीभर खीर केली. चंद्रोदयाला खिडकीत हात जोडून म्हणाल्या, "आज एवढंच आहे रे देवा, गोड मानून घे."

फळीवरचे सगळे खिडकीतून डोकावले. बातमीतला चंद्र त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.