थंड ब्रेक

एकदा एका शल्यचिकित्सकाला आपल्या गुरूचा असा संताप आला, की वयाचा मान आड आला नसता तर त्याने त्यांची कॉलरच धरली असती. आणि खरं सांगतो, गोष्ट ऐकणाऱ्यालाही आधी डॉक्टरचीच बाजू पटते. मलाही पटली होती.

हा डॉक्टर शहरातला नामांकित. चाळिशी ओलांडलेला. हौस एकच, एक लाल स्पोर्ट्स कार. माळावर एक रेस ट्रॅक होता, तिथे काही रविवारी हौशी मंडळी आपापल्या गाड्या मनसोक्त पळवायला जमत. शर्यत नाही, बक्षीस नाही, नुसती हौस. तिथे शिकवायला एक वृद्ध गृहस्थ येत. आयुष्यभर यंत्रशास्त्र शिकवलेले, तरुणपणी स्वतः शर्यतींत उतरलेले. सगळे त्यांना सर म्हणत.

मागल्या खेपेला डॉक्टरची फजिती झाली होती. ब्रेक पॅड, म्हणजे चाकामागच्या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे ते ठोकळे, त्याच्या गाडीला रोजच्या वापराचे साधेच होते. काही फेऱ्यांत ते इतके तापले की धरेनातच. वळणावर पाय पूर्ण दाबूनही गाडी थेट वाळूत गेली. या ब्रेकवर इथे पुन्हा यायचं नाही, असं सरांनी सुनावलं, आणि डॉक्टरने तडक एका व्यापाऱ्याचं दुकान गाठलं.

व्यापाऱ्याच्या जिभेला हाड नव्हतं. खास शर्यतीचे पॅड पुढे ठेवून तो म्हणाला की साहेब, कितीही तापवा, हे दगा देणार नाहीत. सगळ्यात भारी माल. ट्रॅकला हेच, बाजारहाटालाही हेच, एकदा लावा आणि विसरून जा. आता ‘सगळ्यात भारी’ हे शब्द कानावर पडले की आपल्या लोकांची अक्कल चरायला जाते. कशासाठी भारी, कुठे भारी, हे विचारायला काय पैसे पडतात? पण विचारत नाहीत. डॉक्टरनेही विचारलं नाही. साध्या पॅडचा एक नवा संच डिकीत असू द्या, असं सरांनी फोनवर बजावलं, तेव्हा म्हाताऱ्याला उगाच शंका फार, असं मनात म्हणत त्याने तो टाकून ठेवला.

रविवारी गाडीने कमाल केली. वेगात येऊन ती वळणाच्या तोंडाशी अशी थांबे, की बघणाऱ्यांच्या माना वळाव्यात. सर स्वतः शेजारी बसून फेरी मारून आले आणि ब्रेक उत्तम आहेत म्हणाले. डॉक्टरची छाती फुगली.

नंतर चहा झाला, गप्पा लांबल्या, आणि डॉक्टरने मन मोकळं केलं. बायको पंधरवडाभर माहेरी होती. तिने त्याचा चष्मा जागचा हलवला म्हणून तो पाहुण्यांसमोर तिला वाटेल ते बोलला होता. माहेर ट्रॅकपासून जवळच्याच गावात होतं. अंधार पडायच्या आत न्यायला आलात तर येईन, नाहीतर मी इथेच, असं तिने कळवलं होतं. हे सांगताना डॉक्टरला पश्चात्ताप म्हणावा तर तो नव्हताच, होती ती तक्रार. ऑपरेशनच्या टेबलावर माणूस मरणाच्या दारात असतो तेव्हाही माझा आवाज चढत नाही, कुणालाही विचारा, म्हणाला. सगळं जग माझ्यावर विश्वास टाकतं आणि हिला माझा एक शब्द सोसत नाही. सरांनी ऐकून घेतलं.

ऊन उतरलं तसा डॉक्टर गाडीत बसला. बघतो तर सर फाटकात आडवे उभे. बाहेर गावचा आठवडी बाजार भरला होता, रस्त्यावर माणसंच माणसं. सरांनी हात पुढे करून किल्ली मागितली. साधे पॅड लावा आणि मग जा, म्हणाले.

डॉक्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळभर या माणसाने शेजारी बसून त्याला सुसाट पळू दिलं, ब्रेकची तारीफ केली, आणि आता सायकलच्या वेगाने जायचं तर वाट अडवतो? हा कुठला न्याय? इथे माझा संसार पणाला लागलाय आणि तुम्हाला पॅड सुचतायत, असं तो तोंडावर बोलला.

सर शांतपणे त्याच्या गाडीतलं हेल्मेट उचलून चालू लागले. परदेशातून मागवलेलं, जिवापाड जपलेलं ते हेल्मेट त्यांनी ट्रॅकच्या आतल्या निर्मनुष्य रस्त्यावर मधोमध ठेवलं. त्याच्या अलीकडे चुन्याची रेघ होती.

“गावात चालवता तशी चालवत या,” ते म्हणाले, “आणि रोजच्या सवयीने पाय ठेवून रेघेवर थांबा. थांबलात तर मी हात जोडून वाट सोडतो.”

दात-ओठ खात डॉक्टर आला. रेघ दिसताच त्याने रोजच्यासारखा पाय ठेवला. पेडल दगडासारखं लागलं, पण गाडी थांबेना, पुढेच सरकत गेली. घाबरून त्याने सगळा जोर लावला तेव्हा कुठे ती थांबली. तोवर हेल्मेट चाकाखाली चिरडलं होतं. दार उघडून तो धावतच आला, काय वाटेल ते बोलण्यासाठी. सरांनी बोलू दिलं नाही.

“पॅड वाईट नाहीत, डॉक्टर. पण त्यांचा धर्म असा, की आधी तापल्याशिवाय ते धरत नाहीत. ट्रॅकवर आपण त्यांना तापवून घेतो. रस्त्यावर तशी सवड कोण देतं? तिथे पहिलाच ब्रेक लागला पाहिजे, थंड असताना. तुमचा संयमही याच जातीचा आहे. मरण समोर असलं की काय सुरेख धरतो! आणि चष्म्यासारख्या थंड, क्षुल्लक गोष्टीवर घसरतो. चाकाखाली कोण येतं, ते तुम्हीच मघाशी सांगितलंत.”

डॉक्टरने चिरडलेलं हेल्मेट उचलून बाजूला ठेवलं. मग त्याने बायकोला फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं. “नेहमीप्रमाणे,” एवढं म्हणून तिने फोन ठेवला. त्याने जॅक काढला आणि स्वतःच्या हाताने पॅड बदलायला बसला. सर शेजारी बसून हत्यारं देत राहिले. नवे पॅड नीट बसावेत म्हणून आतल्या रस्त्यावर सावकाश फेऱ्या मारल्या, आणि रेघेवर गाडी पायाच्या पहिल्या स्पर्शाला थांबली तेव्हा अंधार पडला होता. सर फाटकातून बाजूला झाले.

बाजारातून माणसं सांभाळत तो सासुरवाडीला पोचला. बायको ओट्यावर उभी होती.

“झाली का हौस पुरी?” तिने विचारलं.

उत्तर जिभेवर तयार होतं. कशासाठी थांबलो, हात कशाने काळे झाले, सगळं तिखट, सगळं खरं. पण पहिल्याच शब्दाला त्याने स्वतःला धरलं.

“उशीर झाला,” तो म्हणाला. “आणि त्या दिवशी पाहुण्यांसमोर तुला बोललो, ते माझं चुकलं.”

तिची नजर त्याच्या काळ्याकुट्ट हातांवर गेली.

“आधी हात धुवा,” ती म्हणाली, आणि साबण आणायला आत वळली. दाराआड तिची भरून ठेवलेली बॅग त्याला तेव्हा दिसली.