तडा गेलेला रांजण

श्री निर्मळनाथ महाराज कवठाळीस ओढ्याकाठच्या मठात राहत असत, तेव्हाची ही हकिकत. गावात सटवाजी नावाचा एक कुंभार होता. मोठ्या तापातून उठल्यापासून त्याचा उजवा हात थरथरू लागला. ती थरथर मडक्यात उतरे. काठ लहरत जाई, पोट एका अंगाला झुके. गिऱ्हाईक तुटले. चाक सोडून द्यावे का, असे विचारायला तो मठात आला, तेव्हा महाराज म्हणाले, "हात थरथरतो तर थरथरू दे. नाम घे आणि मनात असेल ते मातीत उतरू दे. लपवू मात्र काही नकोस."

सटवाजी तसेच घडवू लागला. दुःखाच्या दिवशी केलेल्या घागरीची मान वाकलेली असे. आनंदाच्या दिवशीची घागर गाल फुगवून हसल्यासारखी दिसे.

चैत्रातल्या उत्सवाला पाण्यासाठी महाराजांनी त्याच्याकडे मोठा रांजण मागितला. हे गावच्या रंगराव देशमुखांना रुचले नाही. भरल्या पारावर ते म्हणाले की, असले वेडेवाकडे भांडे देवाच्या दारी ठेवणे हा देवाचा अपमान आहे. त्यातून थेंबभर जरी पाणी गळाले, तरी सटवाजीने गाव सोडावे. सटवाजीने मान खाली घालून ते कबूल केले.

उत्सवाच्या सकाळी त्याने भट्टी उघडली. रांजणाला गळ्यापासून बुडापर्यंत तडा गेला होता. आत नख शिरत होते. लाख भरून तडा बुजवता आला असता. पण महाराजांचा शब्द आठवून त्याने रांजण तसाच बैलगाडीतून मठात आणला आणि सर्वांसमक्ष तडा दाखवला.

रंगराव हसले. पाणी आत्ताच भरा, म्हणाले. महाराज रांजणाशेजारी पाटावर बसले होते. सटवाजीने त्यांच्याकडे पाहिले. ते एवढेच म्हणाले, "भर."

भाविक ओढ्यावरून घागरी आणून ओतू लागले. पहिली. दुसरी. पाचवी. सगळ्यांच्या नजरा तड्यावर खिळल्या होत्या. पाणी चढत चढत गळ्याशी आले. रंगराव गुडघ्यांवर बसून बुडाखालची माती चाचपू लागले. माती कोरडी ठणठणीत होती. चाचपता चाचपता हात पाटाकडे गेला आणि ओला झाला.

त्यांनी वर पाहिले. महाराजांची कफनी भिजून अंगाला चिकटली होती. गळ्यापासून पोटापर्यंत एक लाल रेघ उमटली होती आणि तिच्यातून पाणी झिरपत होते. चेहरा वेदनेने ओढला होता. ओठांवर नाम चालू होते.

"महाराज, हे काय?" रंगरावांनी कसेबसे विचारले.

"त्याने माझ्यापासून काही लपवले नाही, रंगराव. मग त्याचा तडा त्याच्या एकट्यावर कसा टाकू?"

रंगरावांनी पागोटे काढले आणि रडत महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. महाराजांनी त्यांना खांद्याला धरून उठवले आणि सटवाजीकडे वळवले. कवठाळीचे देशमुख त्याच्या मातीने माखलेल्या पायांवर वाकले. सटवाजी ओशाळून मागे सरू लागला, पण महाराजांनी नजरेनेच त्याला जागच्या जागी थांबवले.